टी सायलेंट असतो, काका

"मॉर्टगेजच्या कागदावर सही कुठे करू?" एवढंच विचारलं होतं मी. समोरचा टायवाला मुलगा माझ्या पॅनकार्डाची झेरॉक्स हातात धरून, म्हणजे जन्मसाल डोळ्यांपुढे असताना, म्हणाला, "मॉर्गेज. टी सायलेंट असतो, काका."

त्रेचाळीस म्हणजे काका?

शेजारच्या खुर्चीत पासबुक भरायला आलेले एक आजोबा होते. त्यांना हा विषय भलताच भावला.

"सायलेंट म्हणजे? लिहायचा, पण बोलायचा नाही?"

"हो, आजोबा."

"मग लिहायचा कशाला?"

"इंग्लिशमध्ये असंच असतं."

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, पासबुक टेबलावर पसरलं नि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे माझ्या एफडीचं व्याज. वरच्या ओळीत जमा, खालच्या ओळीत त्यातलंच थोडं वजा. लिहिलंय, पण हातात नाही. हेही सायलेंट का?"

"तो टीडीएस आहे, आजोबा."

"बघा! इथेही टीच!"

अख्खी शाखा हसली. आजोबांना नव्हे, माझ्याकडे बघून.

घरी येऊन तणतणत शब्दकोश उघडला. जुन्या फ्रेंचमधलं 'मॉर्ट' म्हणजे मेलेलं, 'गेज' म्हणजे तारण. मेलेलं तारण! हा 'मॉर्ट' आपल्या 'मृत'चा सख्खा चुलत भाऊ निघाला. पंधराव्या शतकातला लिटलटन नावाचा इंग्रज कायदेपंडित सांगून गेलाय: कर्ज फेडलं नाही तर जमीन ऋणकोला मेली, फेडलं तर तारण सावकाराला मेलं. थोडक्यात, कुणीतरी मरतंच. 'गेज'वरूनच 'एंगेजमेंट' आली, म्हणजे आमचा साखरपुडाही गहाणखतच. पगाराचा 'वेज'सुद्धा त्याच घराण्यातला. पगार नि गहाण एकाच मुळाचे, हे मला दर महिन्याच्या पाच तारखेला कळतंच, त्याला कोश कशाला?

आणि तो टी! चौदाव्या शतकात इंग्रज 'मॉर्गेज' असंच, बिनटीचं लिहीत. लॅटिनची ऐट मिरवायला टी मागाहून घुसवला. म्हणजे आजोबांचा प्रश्न रास्त होता, आणि मुलगा, दुर्दैवाने, बरोबर होता.

घराचे मूळ कागद, इंडेक्स टूसकट, आता पंधरा वर्षं त्यांच्या कपाटात. हप्ते एकशेऐंशी. अर्ज करण्याआधी हाच मुलगा मला 'सर' म्हणायचा आणि बसल्याबसल्या चहा मागवायचा. परवा सह्यांसाठी तीन तास बसलो. टी सायलेंट.