आधी नळ, मग बाग? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि त्यावर एवढं सविस्तर, रोखठोक लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर तुमच्या मुद्द्यांवर अन्याय झाला असता, म्हणून हे वेगळं लिहितो आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाढत्या शहराच्या कडेला नवी वस्ती उभी राहते तेव्हा खेळायची, बसायची, फिरायची जागा घरांच्या बरोबरीनेच आखायला हवी, असं माझं म्हणणं होतं. त्यावर तुमचे आक्षेप असे: नव्या वस्तीत नळाला पाणी नसतं, सांडपाणी रस्त्यावर येतं, बस पोचत नाही, अशा वेळी बागेचं बोलणं म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले. शिवाय ज्याला विरंगुळा हवा असतो तो पैसे मोजून मॉलमध्ये किंवा क्लब हाउसमध्ये जातोच. आणि ज्या थोड्या बागा आहेत त्या ओस पडलेल्या असतात, म्हणजे लोकांनाच त्या नको आहेत. शेवटी तुम्ही असंही विचारलंत, की आमच्याकडे आता जागाच उरलेली नाही, मग या लेखाचा आम्हाला उपयोग काय?

पहिला आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. पाणी, सांडपाणी, बस या गोष्टी तातडीच्या आहेत, यावर आपलं दुमत नाहीच. पण तातडीचं आणि आधीचं यांत फरक करायला हवा. नळाची वाहिनी दहा वर्षांनीही बदलता येते. रस्ता खणावा लागतो, लोकांचे हाल होतात, पण काम होतं. शाळेवर मजला चढवता येतो, बसची फेरी वाढवता येते. मैदान मात्र नंतर आणता येत नाही. सगळे भूखंड विकले गेले, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, की मोकळी जागा मिळवायला कुणाचं तरी घर पाडावं लागतं, आणि ते कुणी पाडत नाही, पाडूही नये. झाडांचंही तेच. आज लावलेल्या रोपाची सावली बाकावर पडायला पंधरा-वीस वर्षं जातात. बागेवर आज खर्च करू नका हवं तर, पण तिची जागा आजच राखून ठेवा, एवढंच मी मागतो आहे. कुंपण घालून नुसतं गवत वाढू दिलं तरी चालेल.

आता ‘चोचले’ या शब्दाबद्दल. तो मला लागला, कारण या विषयाचा इतिहास अगदी उलटा आहे. कोपनहेगनच्या कडेला एम्ड्रुप नावाची नवी कामगार वस्ती झाली. तिथे 1943 साली मुलांसाठी एक वेगळंच क्रीडांगण उघडलं. डेन्मार्क तेव्हा जर्मन सैन्याच्या ताब्यात होता, माल मिळत नव्हता, भविष्याचा भरवसा नव्हता. सी. टी. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराने पाहिलं होतं, की नीटनेटक्या क्रीडांगणांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी, भंगारात जास्त रमतात. म्हणून त्याने मुलांना तेच दिलं: फळ्या, विटा, दोर, माती, आणि लक्ष ठेवायला एक माणूस. मुलांनी त्यातून झोपड्या बांधल्या, पाडल्या, पुन्हा बांधल्या. या क्रीडांगणाची कल्पना पुढे ब्रिटनमध्ये गेली आणि तिथे बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या इमारतींच्या रिकाम्या जागांवर रुजली.

ॲमस्टरडॅमचं उदाहरण तर मला फार जवळचं वाटतं. 1944-45च्या हिवाळ्यात तिथल्या लोकांनी उपासमार सोसली होती. युद्ध संपल्यावर घरांचा भयंकर तुटवडा होता आणि शहर पश्चिमेकडे वाढवायचं होतं. अशा काळात, 1947 साली, नगरपालिकेत काम करणाऱ्या आल्डो फान आइक या तरुण वास्तुविशारदाने बेर्टेलमानप्लाइन या छोट्या चौकात पहिलं क्रीडांगण केलं. त्यात होतं काय? काँक्रीटच्या रुंद कठड्याचा वाळूचा हौद, कोलांट्या मारायला लोखंडी बार, उड्या मारायला गोल दगड, आणि बाक. एवढंच. वाळूच्या हौदाचा कठडा मुद्दाम रुंद ठेवलेला होता, म्हणजे त्यावर मुलं वाळूच्या भाकऱ्या थापू शकतील आणि दमलेली आईही टेकू शकेल. हत्ती-घोड्यांचे आकार दिले नाहीत, कारण एकाच बारचं मुलांनी आज जहाज करावं आणि उद्या दुकान, अशी अपेक्षा होती. मग इतर भागांतले लोक आपल्या गल्लीतही असं करून द्या म्हणून नगरपालिकेला पत्रं लिहू लागले. 1978 पर्यंत अशी सातशेहून जास्त क्रीडांगणं झाली. दोन इमारतींमधली फट, रस्त्याचा तिरका तुकडा, पडीक कोपरा, जे मिळेल ते त्यांनी वापरलं. हे श्रीमंतीचं लक्षण म्हणता येईल का?

‘आधी सोयी’ हा क्रम काटेकोर पाळला तर काय होतं, त्याचाही अनुभव जगाने घेतला आहे. इंग्लंडमध्ये 1946च्या कायद्यानुसार नवी नगरं वसवली गेली, त्यांत पहिलं स्टीव्हनेज. लंडनच्या दाटीतून आलेल्या कुटुंबांना स्वतःचं न्हाणीघर असलेलं घर मिळालं, जवळपास काम मिळालं. या गोष्टींची किंमत कमी लेखायची नाही. तरीही काही वर्षांत तिथल्या, विशेषतः बायकांच्या, एकटेपणाची चर्चा सुरू झाली आणि त्याला ‘न्यू टाउन ब्लूज’ असं नावच पडलं. दिवसभर घरात बसायचं, बाहेर पडलं तर जायचं कुठे, भेटायचं कुणाला? नवी वस्ती म्हणजे एकमेकांना न ओळखणारी हजारो माणसं. जुन्या मोहल्ल्यात ओळखी आपोआप झालेल्या असतात. नव्या जागी त्या व्हाव्यात म्हणून माणसं पुन्हा पुन्हा एकमेकांच्या नजरेला पडतील अशी जागा लागते. म्हणून मला तर वाटतं, बागेची गरज जुन्या भागापेक्षा नव्या वस्तीलाच जास्त आहे.

आणि पाणी विरुद्ध बाग हे भांडण मुळात लावायचंच कशाला? ब्राझीलमधलं कुरितीबा हे शहर झपाट्याने वाढत होतं आणि नद्यांच्या पुराने हैराण होतं. महापौर जाइमे लेर्नर यांच्या काळात, 1972 साली, बारिगी नदीच्या काठची पूरप्रवण जमीन उद्यान म्हणून राखली गेली आणि तिथे तळं केलं. पाऊस जास्त झाला की पाणी तिथे साठतं, एरवी लोक फिरायला येतात. त्या जमिनीवर घरं झाली असती तर दर पावसाळ्यात ती बुडाली असती. कोलंबियातल्या मेडेयिनमध्ये डोंगरउतारावर पाण्याच्या मोठ्या टाक्या होत्या. कधी काळी त्या शहराबाहेर होत्या. पुढे त्यांच्याभोवती गरीब वस्त्या दाटल्या आणि टाक्यांची कुंपणबंद आवारं मध्ये अंधारी पडून राहिली. 2010 नंतरच्या दशकात तिथल्या सार्वजनिक पाणी-वीज कंपनीने यांतली बरीच आवारं उघडली आणि टाक्यांच्या भोवती व माथ्यावर मुलांना खेळायला कारंजी, बसायच्या पायऱ्या, वर्ग भरवायला खोल्या केल्या. टाकीचं काम चालूच राहिलं. तुम्हाला हवं असलेलं पाणी आणि मी मागतो ती जागा इथे एकाच भूखंडावर नांदतात.

मॉलबद्दल फार लिहीत नाही. तिथे जाणाऱ्यांवर माझा काहीच राग नाही. पण तिथे कोण पोचत नाही ते पाहा. दहा वर्षांचं मूल एकटं जाऊ शकत नाही. गुडघे धरलेल्या आजोबांना रिक्षा लागते. दोन कामांच्या मध्ये ज्या बाईला जेमतेम अर्धा तास मिळतो तिचा तो वेळ जाण्यायेण्यातच संपतो. संकुलाच्या क्लब हाउसमध्ये तर त्याच संकुलात झाडलोट करणाऱ्या माणसाला टेकायची सोय नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2017 साली एक ढोबळ माप सुचवलं: घरापासून 300 मीटरच्या आत, म्हणजे साधारण पाच मिनिटांच्या चालीवर, किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी मोकळी जागा असावी. यात मला क्षेत्रफळापेक्षा अंतर महत्त्वाचं वाटतं. पाच किलोमीटरवरच्या भव्य उद्यानात माणूस सणासुदीला जातो, पाच मिनिटांवरच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी जातो.

‘बागा ओस पडतात’ हे तुमचं निरीक्षण मात्र खरं आहे, आणि त्यावर बोलायला मला मनापासून आवडेल. मला फक्त तुमचा निष्कर्ष मान्य नाही.

न्यूयॉर्कने 1961 साली नियम केला, की इमारतीसमोर लोकांसाठी मोकळं प्रांगण सोडलं तर बांधकाम व्यावसायिकाला जादा मजल्यांची परवानगी मिळेल. प्रांगणं भराभर झाली आणि बरीचशी रिकामीच राहिली. 1970च्या दशकात विल्यम व्हाइट या शहरी जीवनाच्या अभ्यासकांनी छतांवर कॅमेरे लावून ही प्रांगणं कशी वापरली जातात याचा अभ्यास केला. निष्कर्ष ऐकायला अगदी साधा आहे: जिथे बसायला जागा आहे तिथे लोक बसतात. ओस पडलेल्या प्रांगणांत बसण्याजोगं काहीच नव्हतं, किंवा कठड्यांवर बसू नये म्हणून टोकदार सळ्या लावलेल्या होत्या. फूट ते तीन फूट उंचीचा कोणताही कठडा लोकांना चालतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. सुटी खुर्ची दिली तर माणूस बसण्याआधी ती दोन-चार इंच तरी सरकवतो, हेही त्यांनी टिपलं. कधी कधी त्या सरकवण्याने ऊन-सावलीत काहीच फरक पडत नाही, पण ती जागा त्याची होते. 1975 साली नियम बदलून प्रांगणात बसायच्या जागा सक्तीच्या केल्या गेल्या. पुढे ब्रायंट पार्क या बदनाम झालेल्या उद्यानाचं रूप पालटताना त्यांच्याच सल्ल्याने दाट झुडपांची कुंपणं हटवली, नवी प्रवेशद्वारं केली आणि सुट्या खुर्च्या ठेवल्या. 1992 साली ते पूर्ण उघडलं आणि माणसांनी भरून गेलं. माणसं न्यूयॉर्कचीच होती, जागाही तीच.

व्हिएन्नाची गोष्ट तर प्रत्येक नगररचनाकाराच्या टेबलावर असायला हवी. 1990च्या दशकात तिथे लक्षात आलं, की साधारण नऊ वर्षांपुढच्या मुली उद्यानांत दिसेनाशा होतात. मुलींना खेळायची आवड नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण तिथल्या लोकांनी खेळाचं मैदान नीट पाहिलं. चहूबाजूंनी उंच जाळी, आत फुटबॉल खेळणाऱ्या मोठ्या मुलांचा गट, आणि शिरायला एकच अरुंद दार, ज्याच्या तोंडाशी नेहमी कुणीतरी उभं. मुलींनी आत जायचं कसं? 1999च्या सुमारास दोन उद्यानांत प्रयोग केले. आत-बाहेर करायच्या वाटा वाढवल्या आणि रुंद केल्या, मोठ्या मैदानाचे छोटे भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, दिवे वाढवले, घोळक्याने बसता येईल अशा जागा दिल्या. मुली परत आल्या. म्हणून एखादी बाग ओस दिसली की मी आधी तिची दारं मोजतो, संध्याकाळी दिवे लागतात का पाहतो, आणि बाकावर दुपारी सावली पडते का ते पाहतो. तुमच्याजवळच्या बागेत हे करून पाहा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जागा उरलेली नसल्याचा. तो वाचून वाईट वाटलं, कारण अशा वस्त्या फार आहेत. पण जागा नसली तरी वेळ वाटून घेता येतो. कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये 1974 पासून ‘सिक्लोव्हिया’ चालते. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन या वेळात शंभरहून जास्त किलोमीटरचे रस्ते मोटारींना बंद असतात, आणि त्यांवर लोक चालतात, सायकली चालवतात, मुलांना सायकल शिकवतात. त्यासाठी नवी जमीन लागली नाही, अडथळे उभे करणारी आणि चौक सांभाळणारी माणसं लागली. तुमच्याकडे एका गल्लीपासून, महिन्यातल्या एका रविवारपासून सुरुवात होऊ शकेल.

दुसरा मार्ग शाळेच्या मैदानाचा. न्यूयॉर्कने 2007 पासून अनेक शाळांची मैदानं शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या लोकांना खुली केली. ज्या वस्तीत दुसरं मैदान नाही तिथेही शाळा असते आणि तिचं मैदान संध्याकाळी कुलूपबंद असतं. तुमच्या भागात अशी शाळा असेल तर एकट्याने न जाता चार-पाच पालकांना घेऊन जा. कुलूप कोण उघडणार आणि किती वाजता लावणार, काही मोडलं तर भरून कोण देणार, झाडलोट कुणाकडे, हे आधी आपसांत ठरवून कागदावर लिहून न्या. शाळा नाही म्हणते ती बहुतेक याच प्रश्नांपाशी. सुरुवातीला आठवड्यातली एकच संध्याकाळ मागा. काय उत्तर मिळतं ते इथे नक्की कळवा, नकार आला तरी कळवा, म्हणजे पुढचा अर्ज मिळून लिहिता येईल.