‘हप्ता भाडेकरूच भरतो’ हा हिशेब जुळत नाही

एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. थोडक्यात तो असा: कर्ज काढून दुसरे घर घ्या आणि भाड्याने द्या. हप्ता भाडेकरू भरेल, भाडे बसल्या जागी येत राहील, घराची किंमत कधी उतरत नाही, दरवर्षी भाडे वाढवत राहा आणि वीस वर्षांनी घर फुकटात तुमचे.

घर भाड्याने देणे हा वाईट व्यवसाय आहे, असे माझे म्हणणे नाही. पण असले संदेश वाचून लोक आयुष्यभराची बचत पणाला लावतात, म्हणून त्यातले एकेक विधान तपासायलाच हवे.

‘हप्ता भाडेकरू भरतो’

घराची किंमत १०० धरू. वर्षाचे भाडे किमतीच्या ५ टक्के, म्हणजे ५. कर्ज ८० चे, व्याज ८ टक्के, मुदत २० वर्षे. वर्षभराचे हप्ते होतात साधारण ८. म्हणजे सगळे भाडे हप्त्यात घातले तरी ३ कमीच पडतात.

आणि ते ५ तरी पुरते हाती कुठे येतात? वर्षात एक महिना घर रिकामे राहिले की भाड्याचा बारावा हिस्सा गेला. देखभालीसाठी दरवर्षी किमतीच्या १ टक्का बाजूला ठेवावा, हा रुळलेला ठोकताळा आहे. तो धरला की आणखी १ गेला. मालमत्ता कर, विमा, दलाली मिळून अर्धा धरा. उरले ३ च्या आसपास. भाड्याच्या उत्पन्नावरचा कर यात धरलेलाच नाही. ८ च्या हप्त्यांतले बाकीचे ५ दरवर्षी तुमच्या पगारातून जाणार. व्याज ४ टक्के आणि मुदत ३० वर्षे असली, तरी वर्षाचे हप्ते साडेचारच्या वर जातात आणि दीडची तूट राहतेच.

शिवाय पहिल्या हप्त्यातले जवळजवळ ८० टक्के नुसते व्याज असते. २० वर्षांच्या त्या कर्जाची १० वर्षे नियमाने फेड केल्यावरही ८० पैकी सुमारे ५५ शिल्लक असतात. मध्येच घर विकायची वेळ आली की हे लोकांच्या लक्षात येते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. विकणारा ‘इतके टक्के परतावा’ म्हणाला, तर एकच प्रश्न विचारा: हा आकडा खर्च वजा करण्याआधीचा की नंतरचा?

‘घराची किंमत कधी उतरत नाही’

उतरते. अमेरिकेत २००६ ते २०१२ दरम्यान घरांच्या किमती देशभरात सरासरी चौथ्या हिश्श्याहून जास्त पडल्या. आयर्लंडमध्ये २००७ नंतर त्या जवळपास निम्म्यावर आल्या. जपानच्या मोठ्या शहरांतल्या जमिनीचे भाव १९९१ च्या सुमारास शिखरावर पोहोचले आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ घसरत राहिले. अ‍ॅमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्त कालव्याकाठच्या घरांच्या १६२८ ते १९७३ या काळातल्या किमती पिट आइखहोल्ट्स या अभ्यासकाने मांडल्या आहेत. महागाई वजा केल्यावर साडेतीनशे वर्षांत त्या जेमतेम दुप्पट झालेल्या दिसतात, आणि ती शहरातली उत्तम वस्ती होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑस्कर जोर्डा, मोरित्स शुलारिक हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७० ते २०१५ या काळातल्या १६ देशांच्या आकड्यांवरून दाखवले की घरांचा एकूण परतावा शेअर बाजाराच्या तोडीस तोड होता. पण त्यात मोठा वाटा भाड्याचा होता, किमतीच्या वाढीचा नव्हे. शिवाय ती देशांची सरासरी आहे. तुमच्याकडे एकच घर असते, एकाच गल्लीत, आणि तेही कर्जावर. वरच्या उदाहरणात किंमत २० टक्क्यांनी उतरली की तुमचे घातलेले २० कागदावर संपले. कर्ज मात्र तसेच राहिले.

‘दरवर्षी भाडे वाढवा’

सगळ्यात जास्त घरमालक इथेच फसतात, कारण वाढ लगेच डोळ्यांना दिसते आणि तोटा नंतर येतो. समजा, वेळेवर पैसे देणारा, घर नीट ठेवणारा भाडेकरू आहे. तुम्ही ५ टक्के वाढ मागितली, तो निघून गेला, आणि नवा माणूस यायला एक महिना लागला. त्या एका महिन्याचे भाडे भरून निघायला नव्या दराने २० महिने लागतात. रंगकाम, दलाली, साफसफाई वेगळी. तोवर नवा भाडेकरूही निघायच्या तयारीत असू शकतो. आसपासचा दर खरोखर वाढला असेल तर भाडे जरूर वाढवा, पण आधी त्याच्याशी बोला, पुरेशी मुदत द्या. चांगला माणूस बाजारभावापेक्षा थोड्या कमी भाड्यात टिकत असेल, तर तो टिकणेच तुमच्या फायद्याचे आहे.

‘बसल्या जागी उत्पन्न’

गळका नळ, शेजाऱ्यांची तक्रार, थकलेले भाडे, कराराचे नूतनीकरण: ही कामे तुम्ही करता, नाहीतर पैसे देऊन करवून घेता. दोन्हीचा खर्च हिशेबात धरा. निदान सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय या व्यवहारात पडू नका. रिकामे घर आणि मोठी दुरुस्ती बहुतेक एकदमच येतात, कारण जुना भाडेकरू गेल्यावरच घराची खरी अवस्था कळते.

म्हणून ताबा देताना प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा आणि वस्तूंच्या यादीवर दोघांच्या सह्या घ्या, भाडेकरू ओळखीचा असला तरीही. अनामत रक्कम स्वतःच्या खर्चात मिसळू नका. ती परत करायची आहे. आणि भाडेकरूबद्दल चौकशी करताना त्याच्या आत्ताच्या घरमालकावर भिस्त ठेवू नका. त्रासदायक माणूस जावा म्हणून तोही गोडच बोलेल. त्याच्या आधीच्या मालकाला फोन करा.