गोल्फसाठी १४ क्लब लागतातच? नाही

‘पिशवीत १४ क्लब नसतील तर नियमानुसार गोल्फ खेळता येत नाही, आणि सँड वेज फक्त वाळूतच वापरायची’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. क्लब म्हणजे चेंडू मारायची काठी, आणि सँड वेज ही त्यातली वाळूतून चेंडू काढायला बनवलेली. दोन्ही विधानं चुकीची आहेत.

१४ ही कमाल मर्यादा आहे. किमान संख्या नियमात नाहीच. अमेरिकेत ही मर्यादा १९३८ मध्ये आली. त्याआधी काही खेळाडू वीसपेक्षा जास्त क्लब घेऊन उतरायचे (ओझं अर्थातच पिशवी वाहणाऱ्या कॅडीच्या खांद्यावर!). आज स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून विजेता ठरतो त्या प्रकारात) ज्या होलला, म्हणजे मैदानाच्या ज्या टप्प्यात, जादा क्लब असेल त्या प्रत्येक होलला दोन फटक्यांचा दंड, एका फेरीत जास्तीत जास्त चार फटके.

कोणता क्लब कुठून वापरायचा, यावरही बंधन नाही. सँड वेजचा तळ रुंद असल्याने ती वाळूत रुतत नाही, पण गवतावरून चेंडू उंच उचलायलाही तीच कामी येते. पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवायचा क्लब) ग्रीनबाहेरच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीबाहेरच्या, आखूड गवतावर बिनधास्त चालतो. नवख्याला एक हायब्रिड (लांब फटक्यासाठीचा सोपा क्लब), तीन-चार आयर्न (मधल्या अंतराचे, धातूच्या पात्याचे क्लब), एक वेज आणि पटर पुरे. ड्रायव्हर (सर्वात लांब फटक्याचा क्लब) नंतर घ्यावा, असं माझं मत. त्याच्या पात्याचा कोन जेमतेम दहा अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे फटका जरा तिरका बसला की चेंडू फार भरकटतो.