समुद्राला मिळालेलं पाणी वाया गेलेलं नसतं

पावसाळा तोंडावर आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. आपल्या नद्यांचं अब्जावधी लिटर पाणी दरवर्षी समुद्रात वाया जातं. खाऱ्यात गोडं ओतून कुणाचंच भलं होत नाही. इजिप्त, अमेरिका, रशिया यांनी नद्या अडवून वाळवंटं हिरवी केली. आणि आपण कोकणातलं पाणी समुद्राला देऊन मराठवाडा टँकरवर जगवतो. शेवटी श्रीलंकेच्या पराक्रमबाहू राजाचं वचन: माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय पावसाचा एक थेंबही समुद्राला मिळू देऊ नका. मराठवाड्याची तहान खरी आहे, म्हणूनच हा मजकूर भली माणसंही तळमळीने पुढे पाठवतात. त्यामुळे एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

खाऱ्यात गोडं ओतून कुणाचं भलं होत नाही, या दाव्याचं उत्तर सिंधमध्ये मिळतं. सिंधू नदीवर सक्करचा बॅरेज, म्हणजे पाणी अडवून कालव्यांत वळवणारा दारांचा बांध, १९३२ मध्ये झाला, कोटरीचा १९५५ मध्ये. पुढे वरच्या अंगाला मंगला आणि तारबेला ही प्रचंड धरणं आली. आता पुराचे दिवस सोडले तर कोटरीच्या खाली नदीला नावापुरतं पाणी असतं. तिथून समुद्रापर्यंतच्या ठट्टा, सुजावल, बदीन या भागात नदीचा रेटा ओसरला तसा समुद्र जमिनीत शिरत गेला. केटी बंदर आणि खारो छान या परिसरात एके काळी तांबडा भात पिकायचा, बंदरावर व्यापार चालायचा. आज तिथे प्यायचं पाणी बाहेरून आणावं लागतं. शेतं खारावली, विहिरी खारावल्या, आणि कितीतरी कुटुंबं कराचीच्या वस्त्यांमध्ये जाऊन राहिली. समुद्राला मिळणारं ते पाणी खाऱ्या पाण्याला थोपवून धरत होतं. त्यासोबत येणारा गाळ समुद्राने खाल्लेली जमीन दरवर्षी भरून काढत होता. ज्याला आपण त्रिभुज प्रदेश म्हणतो, तो उभाच मुळी या गाळावर असतो.

त्याच नदीतला पल्ला मासा घ्या. बंगाल्यांचा हिल्सा तो हाच. समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत उलटा पोहत येतो. सक्करजवळच्या बेटावर जिंदा पीराचं ठाणं आहे. पल्ला समुद्रातून त्याच्या दर्शनाला येतो आणि मग माघारी फिरतो, अशी सिंधी मच्छीमारांची श्रद्धा. या पीराचं आणि सिंधी हिंदूंच्या झुलेलालचं नातं इतकं जवळचं की अनेक जण दोघांना एकच मानतात, आणि झुलेलालच्या चित्रात देव बसलेला असतो तो याच माशावर. फाळणीनंतर कल्याणच्या छावण्यांत आलेल्या आणि पुढे उल्हासनगर वसवलेल्या सिंधी कुटुंबांनी हा देव सोबत आणला. चालिहो या त्याच्या व्रताचे चाळीस दिवस तिथे आजही पाळले जातात. नदीपासून इतक्या लांब तो जपला गेला, आणि खुद्द सिंधूत त्याच्या माशाची वाट कोटरीला अडली. यात कुणाचंच नुकसान झालं नाही असं म्हणणाऱ्याने आधी त्या काठावरच्या मोहाण्यांना, म्हणजे नावाड्या-मच्छीमारांना, विचारावं.

इजिप्तचा दाखला अर्धाच दिला जातो. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या आस्वानच्या उंच धरणाने वीज दिली, बारमाही शेती दिली, १९८० च्या दशकातल्या दुष्काळात देश तगवला. हे सगळं मान्य. पण नाईलचा पूर भूमध्य समुद्रात जायचा थांबला, तेव्हा त्या पुरावर पोसलेली सार्डिन मासळीही गेली: १९६२ मध्ये सुमारे १८,००० टन मिळणारी ही मासळी त्याच दशकाच्या अखेरीस हजार टनांच्याही खाली आली. पुढे काही वर्षांनी मासेमारी सावरली, त्यात शेतांतून वाहून आलेल्या खतांचा आणि शहरांच्या सांडपाण्याचा मोठा हात होता. गाळ धरणामागे अडकला, नाईलच्या मुखाशी रशीदजवळचा किनारा समुद्र कुरतडू लागला, आणि हजारो वर्षं पुराबरोबर फुकट येणाऱ्या सुपीकतेची जागा विकतच्या खतांनी घेतली. शिवाय अडवलेलं पाणी सगळं शिल्लक राहतं हेही खरं नाही. इजिप्त आणि सुदान यांच्या १९५९ च्या करारात नाईलचं वर्षाचं पाणी ८४ अब्ज घनमीटर धरलं आहे. त्यातले १० अब्ज घनमीटर वाफ होऊन आणि झिरपून जाणार, असं करारातच गृहीत आहे.

अमेरिका आणि रशियावर फार थांबत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं पाणी इतकं वाटून घेतलं गेलं की १९६० च्या दशकापासून ती बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचतच नाही. मेक्सिकोतल्या तिच्या मुखाशी राहणाऱ्या कुकापा आदिवासींचं सगळं जगणं या नदीवर होतं. २०१४ च्या वसंतात दोन्ही देशांनी ठरवून तिच्यात पाणी सोडलं, तेव्हा कोरड्या पात्रात माणसं नाचली. सोव्हिएत काळात अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसासाठी वळवल्या, आणि जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर असलेला अरल समुद्र आटला. त्याच्या काठच्या मुयनाक बंदराची जहाजं आज वाळूत उभी आहेत. चीननेही हे अनुभवलं. १९९७ मध्ये पिवळ्या नदीचा खालचा प्रवाह २२६ दिवस कोरडा होता. त्यानंतर सरकारने पूर्ण खोऱ्याच्या पाण्याचं नियमन हाती घेतलं आणि नदी पुन्हा समुद्रापर्यंत पोचवली. नदी समुद्राला मिळावी म्हणून पाणी राखून ठेवणारा हा देश त्या मजकुराच्या यादीत कधीच नसतो.

संस्कृती काठांवर घडली, मुखाशी काय आहे, असंही वर ऐकवलं जातं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी लिहून गेला आहे की पैठण आणि तेर इथला माल गाड्यांनी भडोचला यायचा आणि तिथून जहाजांत चढायचा. भडोच नर्मदेच्या मुखाशी. तिथली भरती-ओहोटी इतकी अवघड की राजाच्या चाकरीतले कोळी आपल्या होड्या घेऊन पुढे जात आणि परक्या जहाजांना वाट दाखवत आत आणत. सातवाहनांचं वैभव सांगताना आपण पैठणला थांबतो, पण त्या वैभवाचा दरवाजा गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवर होता. सोपारा, कल्याण, चौल, दाभोळ ही सगळी खाड्यांवरचीच बंदरं.

आणि फराक्का तर आपल्याच देशातलं. गंगेवर सव्वादोन किलोमीटर लांबीचा हा बॅरेज १९७५ मध्ये सुरू झाला. कशासाठी? हुगळीत ४०,००० क्युसेकपर्यंत (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सोडून तिचा गाळ समुद्राकडे लोटावा आणि कोलकाता बंदर जगवावं म्हणून. पाणी समुद्राला मिळावं यासाठी भारताने एवढं बांधकाम केलं! पलीकडे बांगलादेशाचं गाऱ्हाणंही त्याच जातीचं: आमच्या बाजूने समुद्राला जाणारं पाणी घटलं, खुलना भागात खारेपणा वाढला. १९७६ मध्ये तिथले नेते मौलाना भाशानींनी त्यासाठी मोर्चा काढला, १९९६ मध्ये ३० वर्षांचा करार झाला. दोन देश इतकी वर्षं ज्यासाठी भांडले, ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरातच जाणारं आहे. त्या उपसागराचंही ऐका: नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने वर पसरतं, तो पातळ थर उबदार राहतो, आणि आपल्या मोसमी पावसाच्या ढगांना त्या उबेचा आधार मिळतो.

पराक्रमबाहूचं वचन बाराव्या शतकातलं आणि कोरड्या पोळोन्नरुवाच्या तलावांसाठीचं. त्याने महावेली नदीची उपनदी असलेल्या अंबन गंगेचं पाणी वळवून अफाट तळं भरलं, ते कौतुकाचंच. पण त्याच्या काळात महावेली कोरडी पडली नाही. ती त्रिंकोमालीजवळ समुद्राला मिळतच राहिली.

आता कोकण आणि मराठवाडा. मजकुरात एक गोष्ट कधीच नसते: कोकणच्या समुद्राला मिळणारं काही पाणी मुळात कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातलं आहे, आणि ते आपणच पश्चिमेला पाठवतो. कोयनेचं ६७.५ टीएमसीपर्यंत (अब्ज घनफूट) पाणी वीज करून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत सोडायला कृष्णा पाणीवाटप लवादाची मुभा आहे. मुळशीसारख्या टाटांच्या धरणांचं पाणीही तसंच घाट उतरतं. त्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळे लढले होते. पूर्वेची तहान भागवायची तर पहिला प्रश्न या पाण्याचा विचारायला हवा. सह्याद्री उतरून गेलेलं पाणी पंपांनी पुन्हा वर चढवण्याआधी, जे अजून वरच आहे ते का उतरवतो आहोत?

दुसरं, ज्या कोकणात म्हणे पाणी उतू जातं, त्याच कोकणात एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जातं आणि तिथल्याच पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. आणि खाड्यांमध्ये माणसं राहतात. कोळंबीची पिल्लं कांदळवनाच्या आसऱ्याने खाडीत वाढतात आणि मग समुद्रात जातात. जिताडा मासा पावसाळ्यात मुखाशी अंडी घालतो आणि त्याची पिल्लं गोड्या पाण्याकडे चढतात. कालवं, तिसऱ्या वेचून घर चालवणाऱ्या बायकांचा हिशेब कुठल्याही वळण योजनेच्या पहिल्या पानावर मला दिसलेला नाही.

नार-पार असो की दमणगंगा, या पश्चिमेला वाहणाऱ्या नद्यांचं ऐन पुरातलं काही पाणी पूर्वेला नेण्याला माझा विरोध नाही. मात्र योजना मंजूर होण्याआधी, नोव्हेंबरनंतर खाडीला किती पाणी राहील, हा आकडा त्या खाडीवरच्या गावांच्या ग्रामसभेत वाचून दाखवला जावा. आणि पूर्वेला पोचलेलं पाणी आधी पिण्याला आणि ज्वारी-तुरीला मिळेल की थेट उसाला, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असावं.