साक्षीदाराचं इंग्रजी आणि ज्युरीत बसणारे आपण

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. "या काळ्या लोकांचा जन्म इथे गेला, तरी धड इंग्रजी येत नाही." शिकलेली, एरवी समंजस माणसं हे सहज बोलून जातात. मला त्याचा मनापासून राग येतो.

आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीला स्वतःचं पक्कं व्याकरण आहे. 'ही वर्किंग' म्हणजे तो आत्ता काम करतोय. 'ही बी वर्किंग' म्हणजे तो काम करत असतो. हा फरक मराठी माणसाला तर चटकन कळायला हवा, दिवसभर आपण तो पाळतोच. जॅनिस जॅक्सन या संशोधिकेने लहान मुलांना 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही मालिकेतल्या पात्रांची चित्रं दाखवली. कुकी मॉन्स्टर आजारी, अंथरुणात. कुकीज खातोय एल्मो. प्रश्न होता, 'हू बी ईटिंग कुकीज?' काळी मुलं बहुतेक करून कुकी मॉन्स्टरचं नाव घेत, कारण एरवी कुकीज खात असतो तो. गोरी मुलं एल्मो म्हणत. म्हणजे या वाक्याचं व्याकरण नेमकं कोणाला येत होतं ते बघा. अमेरिकेच्या भाषावैज्ञानिकांच्या संघटनेने १९९७ सालीच ठराव करून सांगितलं की ही बोली इतर कुठल्याही बोलीइतकीच नियमबद्ध आहे.

हा वाद शाळामास्तरांपुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पण तो कोर्टात जातो.

फिलाडेल्फियातल्या कोर्टात साक्षी टिपून घेणाऱ्या २७ लघुलेखकांची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. प्रमाणपत्रासाठी त्यांना ९५ टक्के अचूकता लागते. या बोलीतली वाक्यं ऐकवल्यावर पूर्ण बरोबर उतरलेली वाक्यं ६० टक्केसुद्धा भरली नाहीत. 'ही डोन्ट बी इन दॅट नेबरहूड', म्हणजे तो त्या भागात नसतो. एका ठिकाणी याचं झालं 'वी गोइंग टू बी इन धिस नेबरहूड'. नसणारा माणूस कागदावर तिथे हजर! आणि अपिलात वाचला जातो तो हाच कागद.

लुइझियानात एका आरोपीने चौकशीत पोलिसांना म्हटलं, मला वकील द्या ना, 'डॉग'. आपण बोलताना 'यार' जोडतो, तसं. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. एका न्यायमूर्तींनी वेगळं टिपण जोडलं, की 'लॉयर डॉग' (शब्दशः 'वकील कुत्रा') हा उल्लेख संदिग्ध आहे, त्याला वकिलाची मागणी म्हणता येत नाही. माणसाचा घटनादत्त हक्क एका स्वल्पविरामावर अडला.

फ्लोरिडात गोळी लागून मेलेल्या ट्रेव्हॉन मार्टिन या काळ्या मुलाच्या खटल्यातही तेच. मरण्यापूर्वी तो जिच्याशी फोनवर बोलत होता, त्या मैत्रिणीने २०१३ साली तासन् तास साक्ष दिली. नंतर ज्युरीतल्या, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांतल्या, एका बाईंनी टीव्हीवर सांगितलं की तिचं बोलणं समजायला जड गेलं आणि ती विश्वासार्ह वाटली नाही.

याच देशाच्या अमली पदार्थविरोधी खात्याने २०१० साली टॅप केलेले फोन समजून घ्यायला या बोलीचे जाणकार मागवले होते. पकडायला दुभाष्या चालतो, तर साक्षीला का नको?

आपल्यातले कितीतरी जण आता तिकडचे नागरिक आहेत. ज्युरीचं बोलावणं येतं तेव्हा काम कसं टाळावं याच्या युक्त्या ग्रुपवर फिरतात. कृपा करून जा. साक्ष कळली नाही तर न्यायाधीशांकडे चिठ्ठी पाठवा, ती पुन्हा वाचून दाखवायला सांगा. आणि खोलीत कोणी म्हणालं, "तिला धड बोलता येत नाही, सोडा", तर तिथे गप्प बसू नका.