सर, लोड किती होता?

आज सकाळी सर्व्हिस सेंटरला एका पोरानं टॅबमधून मान वर न काढता हा प्रश्न विचारला. तेव्हापासून डोकं फिरलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच नोटीस-बिटीस नको.

कोथिंबीर होती बाबा मागं. कोथिंबीर! 1.7 टनाची पिकअप आणि मागं ओतूरच्या कोथिंबिरीच्या जुड्या.

जुलैतली रात्र. धुक्यात माळशेज उतरलो, टोकावड्याच्या पुढं डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी काटा तीसच्या वर जाईना. मुरबाडपर्यंत अडलेल्या म्हशीसारखी कशीबशी आणली, तिथं बंदच पडली. उजाडता उजाडता एक मिस्त्री भेटला. बॉनेट उघडून बघितलं आणि परत लावलं. म्हणाला, "भाऊ, डीपीएफ चोक झालाय. लॅपटॉप लावल्याशिवाय माझ्या हातात काही नाही."

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी धरणारी जाळी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराचा नवा नियम आला, तेव्हापासून हे लचांड. गाडी तापून लांब पळाली की काजळी आतच जळते म्हणे. "सर, रोज वीस मिनिटं साठच्या स्पीडनं चालवत जा." अरे, मळ्यातून माल काढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चिखल तुडवतो आम्ही. साठनं कुठं चालवू, बांधावर?

अण्णांची 2009 ची गाडी होती. डिझेलची नळी फुटली तर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार आवळायची, हातपंप मारून एअर काढायची, की निघाली वाशीला. अण्णा सातवी शिकलेले. त्यांना कधी लॅपटॉप लागला नाही.

बरं, ती काळा धूर ओकायची, मान्य. माझ्याच पोराला दमा आहे, धुराचा नियम चुकीचा कसा म्हणू? नवीचं ॲव्हरेजही तीन-चारनं जास्त आहे. आणि टोमॅटोच्या सीझनला आपण वरून चार कॅरेट जास्त टाकतो, तेही खरं.

पण त्या रात्री कोथिंबीर होती!

भिजलेली कोथिंबीर दाबून राहिली की आतून तापते. मुरबाडला जुड्यांत हात घातला तर वाफ लागली. तेवढ्यात एक जुनी पिकअप थांबली, रिकामी. ड्रायव्हरनं काही न विचारता ताडपत्री सोडली, दोघांनी मिळून सगळा माल त्याच्या गाडीत टाकला. वाशीला पोचलो तर भाजीबाजार आटपत आलेला. पिवळी पडलेली जुडी कोण घेणार? डिझेलपुरते पैसे हातात आले, त्याला द्यायला गेलो तर घेईना. "चहा पाज," म्हणाला. नावसुद्धा विचारायचं राहिलं माझं.

आज तोच दिवा तिसऱ्यांदा लागला. वॉरंटीत बसत नाही, कारण "वापर चुकीचा". मी जरा जास्तच आवाज चढवला. त्या पोराचा काय दोष, त्याला वरून जे सांगतात तेच तो लिहिणार. निघताना बाहेर येऊन हळूच म्हणाला, "काका, आमच्या घरीपण पिकअपच आहे. जुनी." सरचा काका झालो.

गाडी परवा मिळणार. हप्ता पाच तारखेला, आणि माल उद्या रात्रीचा आहे. आळेफाट्यावरून कुणाची गाडी वाशीला अर्धी रिकामी जात असेल तर इनबॉक्सला सांगा. कोथिंबीरच आहे, लोड नाही.