हळदीच्या कॅप्सूलबद्दल, एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "कोकणात जन्मून लोकांना हळदीची भीती घालता? आमच्या आजीने आयुष्यभर काढे पाजले, कुणाला काही झालं नाही," असं तुम्ही लिहिलंत. वडिलांना गुडघ्यांसाठी रोज दोन कॅप्सूल देता, हेही लिहिलंत.

आधी माझी चूक. मागच्या लेखात हळदीबद्दल सावध करताना मी काढा आणि कॅप्सूल एकाच वाक्यात गोवले, तसं करायला नको होतं. माशाच्या आमटीतली हळद, घसा बसला की हळद-दूध, हे आमच्याही घरी चालतंच आणि चालणार.

कॅप्सूलमध्ये मात्र अर्क असतो. बाटलीवर '५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स' असेल, तर एका कॅप्सूलमध्ये हे हळदीतले पिवळे घटक (त्यांतला मुख्य कर्क्युमिन) ४७५ मिलिग्रॅम झाले. डब्यातल्या हळदीत त्यांचं प्रमाण साधारण ३ टक्के. हिशेब करा: एका कॅप्सूलमागे सुमारे १६ ग्रॅम हळद, दोन कॅप्सूलमागे ३२. आजीने एवढी हळद एका दिवसात कुणाला पाजली असेल? खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०. आणि लेबलवर नुसतं '१०:१ अर्क' (म्हणजे दहा भाग हळदीपासून एक भाग अर्क) असेल, तर आत नेमकं किती आहे ते कळतच नाही. तसली बाटली मी घेत नाही.

त्यात अशा कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा पायपरिन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, घातलेलं असतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या बेंगळुरूच्या एका अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर माणसांमध्ये कर्क्युमिन सुमारे २० पट शोषलं गेलं. हेच पायपरिन फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं.

माझी देवरुखची मावशी रक्त पातळ करणारी गोळी घेते. कुणीतरी आणून दिलेली अशी कॅप्सूल तिने महिनाभर घेतली आणि दंडावर काळेनिळे डाग उठले. डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" विचारलं तेव्हा ती "काही नाही" म्हणाली. हळद औषधात मोजायची असते, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. मी लिहायला बसले ते त्या संध्याकाळी.

म्हणून विचारते, तुमचे वडील रक्त पातळ करणारी, साखरेची किंवा फिट्सची गोळी घेतात का? पित्ताशयात खडे, कावीळ असं काही झालं होतं का? पुढच्या तपासणीला जाताना ती बाटलीच पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.